कोळशाचा विस्तव

२०२४ साली रंगपंचमी आणि ईस्टर पाठोपाठ आले. ३० मार्चला, शनिवारी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि ३१ला पहाटे साडेचारला आम्ही कबरस्थानाच्या वाटेवर. ज्यांनी इंदूरची गेर पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. टँकरवर बसवलेले मोटारपंप तीन-तीन मजल्यांवर रंग फेकतात, गुलाल उडवणाऱ्या तोफांना इथे ‘मिसाइल’ म्हणतात, आणि अर्धं शहर राजवाड्याच्या चौकात ओतलेलं असतं. बहुतेक वर्षी ती आमच्या उपवासकाळातच येते. आईच्या काळात त्या दिवशी घराच्या खिडक्याही उघडायच्या नाहीत. त्यात भक्ती किती आणि पडद्यांची काळजी किती, हे तिलाच ठाऊक. पण २०२४ला गेर नेमकी पवित्र शनिवारी, म्हणजे प्रभू कबरेत असण्याच्या दिवशी आली. पुण्याहून सुट्टीला आलेला माझा मुलगा म्हणाला, “आई, मी जरा जाऊन येतो.” मी नाही म्हटलं नाही. संध्याकाळी दोनदा डोकं धुऊनही त्याचे कान गुलाबीच होते.

पहाटेचे रस्ते धुतलेले होते. इंदूरच ते. २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावून बसलेलं गाव, रंग रात्रभर रस्त्यावर राहू देईल कसं? फक्त दुभाजकाच्या कडेला, झाडू पोचत नाही तिथे, एक गुलाबी रेघ राहून गेली होती.

कबरस्थानात आदल्या दिवशीच लोकांनी कबरींना चुना लावून ठेवलेला असतो. अंधारात तेवढ्याच दिसतात. मेणबत्त्या, झेंडूच्या पाकळ्या, आणि हो, उदबत्त्याही. चर्चच्या नव्या पाळकांना (धर्मगुरूंना) त्या आवडत नाहीत, पण बायका लावतात. पूर्वेला जरा उजळलं की पाळकसाहेब मोठ्यानं म्हणतात, “मसीह जी उठा है!” आणि आम्ही सगळे, “सचमुच जी उठा है!” आमच्या मंडळीची उपासना हिंदीत. मराठी घरं मोजकी, ती घरात मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतात आणि चर्चमध्ये हिंदीत गातात. माझी आजी मात्र भर मंडळीत “खरोखर उठला आहे” असंच म्हणायची, सगळ्यांच्या मागून, अर्धा श्वास उशिरा. आता तिचीच कबर तिथे आहे, भिंतीलगतच्या तिसऱ्या रांगेत. मी तिथे उभी राहून अर्धा श्वास थांबते आणि तिचं वाक्य म्हणते.

ही आजी आणि उठलेला प्रभू, या दोघांना मला वेगळं करता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमच्यात ‘साक्ष’ द्यायची पद्धत आहे. प्रभू कसा भेटला हे उभं राहून सांगायचं. लोकांना दिमिष्काची (दमास्कसची) वाट आवडते: पौल घोड्यावरून पडला, प्रकाश पडला, वाणी झाली. (घोडा शास्त्रात कुठेच नाही. तो चित्रकारांनी दिला.) मराठी माणसाला टिळकांची आगगाडी आवडते. नारायण वामन टिळक राजनांदगावच्या वाटेवर असताना डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. केवढी गोष्ट! पण माझ्यासारखीनं काय सांगायचं? मी तिसऱ्या पिढीची. पाळण्यात असतानाच माझा बाप्तिस्मा उरकला होता. शब्बाथशाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) मिळालेल्या बक्षिसांच्या वाट्या अजून स्वयंपाकघरात आहेत. ज्याला जन्मापासून ओळखतो असं आपण धरून चालतो, तो भेटायचा कसा?

खरं म्हणजे शुभवर्तमानं, म्हणजे प्रभूच्या चरित्राची चार पुस्तकं, नीट वाचली, तर त्या पहिल्या दिवसांत त्याला बहुतेकांनी लगेच ओळखलेलं नाही. तो कबरेतून उठला तो क्षण चारांपैकी एकाही लेखकानं वर्णन केलेला नाही. तिथे कोणी नव्हतंच. आहे ती रिकामी कबर, आणि नंतर घोटाळेच घोटाळे. मग्दालीया मरीया त्याला माळी समजली. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याच्याबरोबर चालत राहिले. यरुशलेमेपासून सुमारे अकरा किलोमीटर, म्हणजे राजवाड्यावरून निघून राऊच्या आसपास पोचाल एवढी वाट. एवढ्या वाटेत तो त्यांना शास्त्र समजावत होता, आणि तरी त्यांना कळलं नाही. भाकरी मोडली तेव्हा कळलं. मार्काच्या सगळ्यात जुन्या प्रतींत तर बायका कबरेपासून पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत, “कारण त्या भ्याल्या होत्या”, आणि तिथेच पुस्तक संपतं. मला तो शेवट फार जवळचा वाटतो. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांनी स्वतःची फजिती लपवली नाही, एवढ्यानंच माझा निम्मा विश्वास बसतो.

मरीयेला कधी कळलं? त्यानं नुसतं “मरीये” म्हटलं तेव्हा. नावानं हाक मारली तेव्हा.

आता आजी.

ती नगरकडची. आजोबांना इथल्या एका कापड गिरणीत काम लागलं म्हणून लग्नानंतर इंदुरात आली आणि मिशनच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून लागली. वाचायला शिकली तिशी उलटल्यावर, तेही नव्या करारावरच. त्यामुळे शेवटपर्यंत ती वर्तमानपत्रही शास्त्र वाचल्यासारखं वाचायची, ओळीखाली बोट धरून, ठासून. इरकली नऊवारी, कपाळ मोकळं, टाचांना भेगा. तिला शास्त्रातल्या पंडिती गोष्टींत रस नव्हता. शिष्यांच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे सापडले, हा आकडा योहानानं दिला आहे. त्यावर मोठमोठ्या विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आजी विचारायची, “मोजले कुणी गं? रातभर उपाशी मानसं, आन् मासे मोजीत बसली?”

मला ती ‘बायडे’ म्हणायची. जगात दुसऱ्या कोणी मला या नावानं हाक मारली नाही.

१९८४ साल. मी बी.एस्सी.ला होते आणि रामबागेत एका मराठी घरी सातवीतल्या मुलीला गणित शिकवायला जायची. महिन्याला साठ रुपये. जुना वाडा, दारात पारिजातक, माजघरात पितळी डब्यांची उतरंड. त्या घरातल्या काकूंनी मला लळा लावला होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलावलं, आंब्याची डाळ हातावर घातली. माझं आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. नगरकडच्या आमच्या लोकांनी देव बदलला, आडनावं नाही बदलली. काकूंनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी वाटेत टेम्पोतून उतरल्यावर मी पर्समधली टिकली काढून लावली, एवढं मात्र खरं. खोटं बोलले नव्हते. त्या वयात माणूस असे हिशेब फार चोख ठेवतो.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती. मी शिकवत असताना पाऊस लागला, असा की अंगणातलं काही दिसेना. सातच्या सुमाराला दाराची कडी वाजली. काकू उठल्या. मी बसल्या जागेवरून पाहिलं. दारात आजी. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, डोक्यावर गोणपाटाची खोळ, आणि हातात घडी केलेली कोरडी छत्री. परदेशीपुऱ्याहून एवढ्या पावसात ती छत्री न उघडता आणली होती, कारण ती माझ्यासाठी होती.

काकूंनी मागे वळून विचारलं, “कोण गं ही?”

मी म्हटलं, “आमच्याकडे काम करते.”

प्रभूला पकडून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानं, मी त्याला ओळखत नाही, असं तीनदा म्हटलं होतं. मला एकदाच म्हणावं लागलं.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. लूक लिहितो, की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूनं वळून पेत्राकडे दृष्टी लावली. त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं अडकून राहिले होते. पण आजीच्या पाहण्यात रागबिग नव्हता. ती क्षणभर काहीतरी आठवावं तशी थांबली, आणि मग उंबऱ्याच्या बाहेरूनच छत्री पुढे करत म्हणाली, “ताई, छत्री आनलीया.”

ताई. तिनं माझं नाव बदललं. मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून.

मी छत्री घेतली. ती तशीच पावसात परत गेली. मी आणखी वीस मिनिटं त्रैराशिक शिकवलं.

घरी पोचले तर ती झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. सकाळी जाग आली ती कोळशाच्या वासानं. चाळीच्या गॅलरीत आमची शेगडी असायची. आजी पुठ्ठ्यानं वारा घालत होती, भाकरी निखाऱ्यावर फुगत होती, ताटलीत लसणाची चटणी. “ऊठ बायडे, न्याहारी कर,” ती म्हणाली. मी खाल्लं. दोघींपैकी कोणी काही बोललं नाही. ती १९८७मध्ये गेली. माफी मागायला माझ्याकडे तीन वर्षं होती.

त्यानंतर बरंच काही झालं, ते इथे महत्त्वाचं नाही. शाळेत नोकरी, लग्न, मुलगा, शब्बाथशाळेची जबाबदारी. चर्चमध्ये मी चांगली समजली जाणारी बाई होते. फक्त ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या आठवड्यात पेत्राच्या नाकारण्याचं वाचन आलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर जायची. इतकी नेमानं की मंडळीतल्या बायकांना वाटायचं मला डायबेटीस आहे. ईस्टरची गाणी मी गायची ती गायनसंघातल्या जागेसाठी. ख्रिस्त उठला हे मला खरं वाटत होतं, जसं पृथ्वी गोल आहे हे खरं वाटतं. त्यानं माझ्यात काही हलत नव्हतं. उलट एक भीती होती, कोणाला बोलून न दाखवलेली: तो जिवंत असेल, तर त्याला ते ठाऊकही असेल.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईस्टरनंतरच्या एका रविवारी वाचन माझ्याकडे आलं, योहान, एकविसावा अध्याय. वाचायचं हिंदीतून, पण शनिवारी रात्री मी आधी आजीचं मराठी शास्त्र काढलं. त्याच्या पानांवर ओळींच्या खाली एक फिकट तपकिरी पट्टा आहे, तिच्या बोटाचा. गॅसवर दूध ठेवलं होतं. मी ओट्यापाशी उभ्यानंच वाचत होते.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. म्हणजे जुन्या धंद्याला परत. तीन वर्षांचं सगळं आवरून ठेवून. रात्रभर काही मिळत नाही. उजाडताना किनाऱ्यावर कोणी उभा आहे, तो कोण ते त्यांना कळत नाही. तो म्हणतो, उजवीकडे टाका जाळं. मग ते मासे. मग पेत्र अंगरखा घालून पाण्यात उडी टाकतो. (माणसं उडी टाकताना कपडे काढतात. हा घालतो. पेत्रच तो.) आणि किनाऱ्यावर पोचल्यावर त्यांना दिसतो कोळशाचा विस्तव, त्यावर ठेवलेली मासळी, आणि भाकर.

माझं बोट तिथे थांबलं.

कोळशाचा विस्तव मी याआधीही वाचला होता. पानं मागे उलटली. अठरावा अध्याय, प्रमुख याजकाचं अंगण, थंडीची रात्र, नोकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला आहे, आणि पेत्र तिथे शेकत उभा आहे. तिथेच तो म्हणतो, मी त्याचा नव्हे. पुढे एका जाणत्या पाळकांनी मला सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये तो शब्द ‘अँथ्राकिया’, आणि अख्ख्या नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. त्या रात्री मला ग्रीक ठाऊक नव्हतं. वास ठाऊक होता. पेत्र पाण्यातून निथळत वर आला असेल तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या नाकाला काय लागलं असेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं तोच विस्तव पुन्हा पेटवून ठेवला होता. विसरून जा, झालं गेलं, असं म्हणाला नाही. ज्या वासापासून पेत्र पळत होता त्याच वासापाशी त्याला आणलं, आणि त्यावर भाकर ठेवली. आणि विचारायचं ते नंतर विचारलं. आधी म्हणाला, “या, न्याहारी करा.”

हिंदीत तिथे “आओ, भोजन करो” आहे. भोजन म्हटलं की पंगत दिसते. माझ्या आजीच्या शास्त्रात न्याहारी आहे.

त्या रात्री काय झालं? खोलीत कोणी आलं नाही. वाणी झाली नाही. कोळशाचा वास आला असंही म्हणणार नाही, कारण आला नाही. आला तो दूध करपल्याचा. ते उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि मी तशीच उभी होते. इतकी वर्षं मी ज्याच्याविषयी ऐकत, शिकवत, गात आले होते, तो माझ्याशी बोलत होता. त्याला ठाऊक होतं. १९८४च्या त्या संध्याकाळीही ठाऊक होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी तयार होती. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी नव्हे, तर त्या सकाळपासूनच माफ झालेली होते, आणि बसून खाल्लंही होतं, फक्त कोणाच्या हातचं ते ओळखलं नव्हतं. याहून नीट मला सांगता येत नाही.

आजीनं ते मुद्दाम केलं होतं का? नसावं. न्याहारी ती रोजच करायची.

लूकच्या शेवटच्या अध्यायात एक वाक्य आहे, घाईत निसटून जातं. प्रभू खरोखर उठला आहे व शिमोनाच्या दृष्टीस पडला आहे. शिमोन म्हणजे पेत्र. पौलही करिंथकरांना लिहिताना साक्षीदारांची यादी देतो, पाचशेहून अधिक बंधू वगैरे, आणि त्यात पहिलं नाव केफाचं, म्हणजे पेत्राचंच. पण ती पहिली, दोघांतलीच भेट कशी झाली, काय बोलणं झालं, हे कुठेच लिहिलेलं नाही. पेत्रानं सांगितलं नसावं. त्याचं मला बरं वाटतं. साक्ष द्यायला कितीही आग्रह झाला तरी काही भेटी माणसानं स्वतःपाशी ठेवाव्यात. हे लिहिते आहे मी, हे मला दिसतंय.

रविवारी वाचन केलं. आवाज दोनदा कापला. बायकांनी पाणी आणून दिलं.

आता कोणी विचारेल, मग बदललं काय? मी शांत झाले, गोड झाले, असं काही झालं नाही, सुनेला विचारा. पुढचे चार महिने तर मी काहीच केलं नाही. पेत्राला तीनदा विचारलं गेलं, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” दरवर्षी कोणी ना कोणी प्रवचनकार त्यातल्या दोन ग्रीक क्रियापदांचा फरक समजावून सांगतात, आणि मंडळी माना डोलावते. माझं लक्ष तिकडे जात नाही. प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिलं जातं, तिकडे जातं. “माझी कोकरे चार.” खाऊन झालं, आता उठ. मला माझं काम ठाऊक होतं आणि मी टाळत होते.

त्या दिवसांत मला सिस्टर राणी मारियांची फार आठवण यायची. आम्ही प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक संन्यासिनी, केरळच्या. पण इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला ती गोष्ट परकी नाही. देवास जिल्ह्यात उदयनगरला त्या गरीब आदिवासींमध्ये काम करत होत्या, आणि सावकारीत ज्यांचे हात गुंतले होते त्यांना ते खुपत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समंदर सिंग नावाच्या माणसानं त्यांना भोसकलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. २००२ साली त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याच माणसाच्या हातावर राखी बांधली. पुढे घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ला इथेच, इंदुरात, राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं. मी त्या गर्दीत मागे उभी होते.

उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवरच्या खुणा गेलेल्या नव्हत्या, हे योहान आवर्जून सांगतो. थोमाला त्यानं त्याच दाखवल्या. राखी बांधताना त्या बहिणीलाही जखमांचा आकडा ठाऊकच असणार. अशी माणसं आठवली की आपली गोष्ट फार बारीक वाटते. एक छत्री, एक वाक्य. पण काटा बारीक असला म्हणून सलायचा राहत नाही.

शेवटी गणपतीच्या आधीच्या एका दुपारी मी रामबागेत गेले. वाडा पडून तिथे चार मजली इमारत झाली होती. पारिजातक नव्हता. काकू दुसऱ्या मजल्यावर, साठीच्या, गुडघ्यांनी बेजार, पण मला आवाजावरून ओळखलं. मुलगी अमेरिकेत, गणितातच काहीतरी करते म्हणाल्या, आणि ते श्रेय मला देऊन मोकळ्या झाल्या. मी अर्धा तास इकडचं-तिकडचं बोलले. मग म्हटलं, “काकू, एकदा पावसात एक बाई छत्री घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं होतं, आमच्याकडे काम करतात. ती माझी आजी होती. आम्ही ख्रिस्ती. तेही मी सांगितलं नव्हतं.”

काकू काही वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, हनुवटी तुझीच होती की तिची. मला तेव्हाच कळलं.”

मला काही सुचेना.

“आणि ती नंतर एकदा आली होती,” त्या म्हणाल्या. “तुला ताप होता. सांगायला आली, ताई आज येणार नाहीत. ताईच म्हणाली हं तेव्हाही. मी म्हटलं, बसा, चहा घ्या. उभ्या-उभ्याच घेतला तिनं.” त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. “कप वेगळा दिला होता मी. बाहेरच्या कोनाड्यातला. सासूबाई होत्या ना तेव्हा घरात.” मग जरा वेळानं, “सासूबाई काय... दिला मीच.”

मी माफी मागायला गेले होते. दोघी बसून राहिलो. खाली भंगारवाला ओरडत गेला. निघताना त्या म्हणाल्या, “तिचं नाव काय गं?” मी सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

तेव्हापासून एवढं झालं आहे की वाचनाच्या वेळी मी बाहेर जात नाही. शाळेत नव्या शिक्षिका आडनावावरून चाचपून विचारतात तेव्हा सरळ सांगते. आजी दवाखान्यात आया होती हेही सांगते, त्यात माझा आवाज आता उतरत नाही. आणि दुसऱ्याचं असं काही दिसलं, तर पूर्वीसारखी बाह्या सरसावून उपदेश करायला जात नाही.

याची परीक्षाही झाली. २०२३ साली मुलगा पुण्यात भाड्यानं घर शोधत होता. एका रात्री फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “आई, तुझ्या डीपीतला तो क्रूस थोडे दिवस काढतेस का? घरमालकांशी बोलणं चाललंय. त्यांनी विचारलं नाही, मी काही बोललो नाही.” मी खुर्चीत बसले. तेच वाक्य, जवळजवळ तेच शब्द. त्यानं ते माझ्याकडून ऐकलेलं नव्हतं, मी त्याला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. जिभेवर खूप काही आलं. मी विचारलं, “जेवलास का?” नाही म्हणाला. “मग आधी जेव. डीपीचं उद्या बघू.” तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी डीपीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. घर त्याला दुसरीकडे मिळालं. तिथे काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

आणि मग २०२४चा तो ईस्टर. कबरस्थानातून निघालो तेव्हा ऊन आलं होतं. आजीच्या कबरीवर मुलानं मेणबत्ती लावली होती आणि वाऱ्यानं दोनदा विझल्यावर तिच्याभोवती विटांचा आडोसा केला होता. वाटेत मी त्याला छत्रीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. गाडी चालवत होता, त्यामुळे माझ्याकडे बघावं लागलं नाही त्याला. त्याचं बरंच झालं, माझंही.

ईस्टरच्या सकाळी आमची न्याहारी ठरलेली: चौकातल्या गाडीवरचे पोहे. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर वाफेवर ठेवलेली परात, पिवळ्या पोह्यांचा डोंगर. त्यावर शेव, कांदा, चिमूटभर जीरावन मसाला, बाजूला जिलेबी. मंडळीतली आणखी चार-पाच घरं तिथेच होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. पोहेवाल्यानं माझ्या मुलाकडे पाहिलं.

“भैया, कल गेर में गए थे ना? कान बता रहे हैं.”

“गया था.”

“और आज सब सफेद में? सुबह-सुबह कहाँ से आ रहे हो?”

मी बशीतल्या पोह्यांकडे बघत राहिले.

“कब्रिस्तान से,” मुलगा म्हणाला. “ईस्टर है आज. हम लोग ईसाई हैं.”

“ईस्टर मतलब?” पोहेवाल्यानं विचारलं. डावात पोहे तसेच धरलेले, मागे रांग लागलेली.

मुलानं बशी गाडीच्या कडेवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली, अडखळत, त्याच्या त्या पुणेरी झालेल्या हिंदीत, अगदी पहाटेच्या अंधारापासून. त्याचे पोहे गार होत होते.